पाच चौकोन

"दिवाळीच्या सुट्टीत बी पुठ्ठे कापायलीस का?" श्रीपादरावांनी बायकोपुढे चहाचा कप ठेवला. "शाळेला सुट्टी कळती, तुला कळंना."

"आज अयोध्या येणार हाय," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि साडीच्या खोक्यातून आणखी एक चौकोन कापला.

उदगीरच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांच्या हाताखालून हुशार मुलं पुष्कळ गेली. अयोध्यासारखी मात्र एकच. मोंढ्यात धान्य निवडणाऱ्या नागाबाईची ही लेक. गणित सुटलं की वेणीचं टोक चावत बसायची आणि हळूच म्हणायची, "बाई, पन उलटं केलं तर?" त्या उलट्या प्रश्नाने बाईंची झोप उडायची. शाळेतली साहित्याची पेटी मागे पडलेल्या मुलांसाठी होती. पुढे पळणाऱ्या मुलीच्या हातात काय द्यायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. मग बाईच पुठ्ठे, काड्या, चिंचोके घेऊन कोडी रचायला बसल्या. मुलीसाठी म्हणून सुरू केलं आणि स्वतःच नादी लागल्या.

सातवीनंतर लातूरच्या क्लासची शिष्यवृत्ती तिला त्यांनीच मिळवून दिली. योग्यच केलं. पण ती गेल्यापासून त्यांना कुणी उलटा प्रश्न विचारला नव्हता, आणि त्यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

दुपारी मायलेकी आल्या. अयोध्या उंच झाली होती, चष्मा लागला होता. विचारपूस कशीबशी उरकून बाईंनी पुठ्ठे मांडले.

"हे बघ. मोठ्या चौकोनाचे लहानमोठे चौकोन पाडायचे, पण सगळे चौरसच हवेत. चार पडतात, सहा पडतात, सातही पडतात. मग पाच का पडत नाहीत?"

उत्तर बाईंनाही नीट सांगता येत नव्हतं. म्हणून तर हा प्रश्न त्यांनी जपून ठेवला होता. दोघींनी मिळून डोकं खाजवायचं, चहा गार होऊ द्यायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

अयोध्याने पुठ्ठ्यांकडे पाहिलं. "ऑप्शन कुठं हायेत, बाई?"

"कशाचे?"

"उत्तराचे. चार असतेत ना."

"यात नसतात गं. लावून तर बघ."

तिने दोन तुकडे इकडेतिकडे सरकवले, मग हात मागे घेतला. "असले पेपरला येत न्हाईत. अडकलं की सोडून पुढं जायाचं, असं सर सांगतेत."

बोलताना ती ओशाळली. ते बाईंना बघवेना. त्यांनी पेन घेऊन पुठ्ठ्यावर लिहिलं, यांपैकी किती चौकोन पाडता येणार नाहीत? खाली चार आकडे मांडले: दोन, चार, सहा, सात.

अयोध्याचा चेहरा एकदम उजळला. "चार, सहा, सात तर पडतेत म्हून आत्ता तुम्हीच सांगितलं. म्हंजे दोन!" तुकड्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "बरोबर ना, बाई?"

"बरोबर."

नागाबाईचा ऊर भरून आला. "लातूरला जाऊन लई हुशार झाली, न्हाई का बाई?"

"पहिल्यापासूनच होती," प्रेमलाबाई म्हणाल्या. नागाबाईने आणलेला करंज्यांचा डबा रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून त्यात साखर घालायला त्या आत गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.