सोमवारचं सूप

मी एक जुना बिडाचा टोप आहे, मित्रांनो. पोटाने मोठा, रंगाने काळाकुट्ट, आणि कडीजवळ एक टवका उडालेला. हा टवका उडाला त्या दिवसाचीच गोष्ट सांगायची आहे, पण म्हाताऱ्यांना सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म इवाते प्रांतातल्या एका भट्टीत झाला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, मी थंड झालो, आणि कारागिराने मला बोटाने टणटण वाजवून पाहिलं. "हा तीन पिढ्यांना जेवू घालेल," तो म्हणाला. त्या एका वाक्यावर मी आजवर ऐटीत आहे!

कियो लग्न होऊन अकिताच्या डोंगरातल्या या गावात आली, तेव्हा तिच्या सामानात मी होतो. पहिल्याच सकाळी तिने माझ्यात मिसोचं सूप केलं. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून मुरवलेला खारट गोळा. आमच्याकडे त्याच्या सुपाशिवाय दिवस उगवत नाही. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"सूप केलंस की नुसतं पाणी तापवलंस? माहेरी मिसो मोजून मिळत होता वाटतं!"

पोर कानापर्यंत लाल झाली. दुसऱ्या दिवसापासून तिने पळी भरभरून मिसो घालायला सुरुवात केली. पुढे सासूबाई गेल्या, तीस वर्षं उलटली, तरी तो टोमणा काही घरातून गेला नाही. सुपाबरोबर खारवलेला मुळा असायचाच, आणि त्यावर वरून सोया सॉस. कियोचा नवरा तोकुजी सुतारकाम करायचा. तो सगळं निमूट खायचा, "हं" म्हणायचा आणि सिगारेट पेटवायचा. त्या "हं"ला कियो शाबासकी समजायची.

मग गावात मिनेको नावाची नर्स येऊ लागली. या भागात माणसं साठीच्या आतच छाती धरून बसायची. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिनेको घरोघरी जायची, सुपात एक छोटं यंत्र बुडवायची आणि मिठाचा आकडा वहीत लिहायची.

आता गंमत ऐका. खारट सूप म्हणजे नर्सबाईंसमोर शरम, आणि पाणचट सूप म्हणजे शेजारणींसमोर शरम. बायकांनी यावर तोड काढली. पहिल्या घरची ओतोमे मिनेकोच्या बसची वेळ बघून आपल्या टोपात आधीच पाणी ओतायची. मिनेको तिच्या दारात आली की ही अंगणात लाल मफलर वाळत टाकायची. मफलर दिसला की घरोघरी किटल्या उचलल्या जायच्या. कियोही गरम पाण्याची किटली माझ्यात उपडी करायची. मी आतून ओरडत होतो, "अगं बाई, कुणाला फसवतेस?" पण टोपाचं कोण ऐकतं!

"वा, कियोकाकू! किती छान आकडा!" मिनेको म्हणायची. मग तोकुजीचा रक्तदाब मोजायची आणि तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "सूप इतकं चांगलं, मग प्रेशर का चढतंय? काका, ही गोळी रोज घ्यायची हं."

तोकुजीने गोळी आठ दिवस घेतली आणि फळीवर ठेवून दिली. "सूप चांगलं आहे म्हणतात ना? मग गोळी कशाला?"

कियोने तोंड उघडलं आणि मिटलं. मी चुलीवरून पाहत होतो. माझा तर जीव टांगणीला लागला.

फेब्रुवारीत बर्फ कमरेएवढा साचला. तोकुजी सकाळीच बर्फ उपसायला फावडं घेऊन छपरावर चढला. थोड्या वेळाने फावड्याचा आवाज थांबला. कियो मला चुलीवरून उतरवत होती. तिने खिडकीतून वर पाहिलं, तर तो छाती दाबून बसलेला. मी तिच्या हातातून सुटलो, चुलीच्या दगडावर आदळलो, कडीजवळचा टवका उडाला, सूप सगळीकडे पसरलं. ती अनवाणी बाहेर धावली.

"अहो! हलू नका! जागचे हलू नका!"

शेजाऱ्यांनी त्याला खाली उतरवलं, घसरगाडीवर निजवून रस्त्यापर्यंत ओढत नेलं, तिथून रुग्णवाहिकेने दवाखान्यात. मी तसाच कलंडून पडलो होतो. तो जगला की गेला, हे मला तीन दिवस कुणी सांगितलं नाही. माझ्यावर गंज चढला.

चौथ्या दिवशी कियो कपडे न्यायला आली. मला उचलून तिने पोटाशी धरलं आणि म्हणाली, "वाचले रे, वाचले!" आणि ढसाढसा रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

सोबत मिनेको होती. कियोने तिथेच, सूप सांडलेल्या जमिनीवर बसून, सगळं सांगून टाकलं. किटली, मफलर, सगळं.

"डॉक्टर म्हणाले, मीठ, सिगारेट आणि सोडलेली गोळी. हे टाळता आलं असतं म्हणाले. नर्सबाई, मी तुम्हाला नाही हो, त्यांना फसवलं."

मिनेकोने तिला हात धरून उठवलं. मग तिने बाह्या सरसावल्या. "घासणी कुठंय? आधी हा टोप घासू या."

छातीचं ऑपरेशन होऊन तीन आठवड्यांनी तोकुजी घरी आला. सिगारेट सुटली होती, गोळ्यांची डबी खिशात होती. कियोने माझ्यात बटाटे, मुळा, अळंबी गच्च भरली, सुक्या मासळीचा दाट अर्क घातला आणि मिसो जेमतेम अर्धी पळी. तिने वाटी त्याच्यापुढे ठेवली.

तोकुजीने घोट घेतला. "हे तर सोमवारचं सूप."

"म्हणजे?"

"महिन्यातून एकदा व्हायचं ना, हलकं. मला तेच आवडायचं गं. रोजचं घशाखाली उतरायचं नाही."

"मग तीस वर्षांत बोलला का नाहीत?"

"तू इतक्या हौसेने करायचीस."

कियो आधी चिडली, मग हसत सुटली. इतकी हसली की तोकुजीलाही हसू आवरेना, आणि तो म्हणाला, "हळू गं, छातीला टाके आहेत माझ्या!"

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ओतोमेच्या अंगणात पुन्हा मफलर झळकला. कियोचा हात सवयीने किटलीकडे गेला. थांबला. तिने किटली खाली ठेवली, तरातरा अंगणात गेली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "ओतोमे, काढ तो मफलर! माझा नवरा मरता मरता वाचलाय त्याच्यापायी!"

मिनेकोने यंत्र बुडवलं. "कियोकाकू, आकडा मागच्यापेक्षा वाढलाय."

"वाढू दे. या वेळी खरा आहे."

मिनेकोने तो वहीत लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मित्रांनो, मी आता गॅसवर असतो, टवका तसाच आहे. तुमच्या घरी कुणी तब्येत तपासायला आलं, तर तेवढ्यापुरतं पाणी घालू नका. रोज जे शिजतं, तेच त्यांना चाखू द्या. आणि आज जेवताना घरच्यांना एकदा विचारा, "तुम्हाला हे खरंच आवडतं का?" माझ्या घरात हा प्रश्न विचारायला तीस वर्षं लागली.