संघटनेचा पहिला नियम

“नियम एकच आहे. पटत नसेल तर चहा प्या आणि घरी जा,” बायकोने सगळ्यांना तोंडावर सांगितलं आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकलो.

आमच्या बैठकीच्या खोलीत आसपासच्या जिल्ह्यांतले मूल्यमापक जमले होते. एखादी योजना लोकांच्या खरंच कामी आली का, हे जाऊन बघायचं आणि लिहून द्यायचं, हा यांचा पेशा. खोट काढायची सवय हाडीमासी खिळलेली! संघटनेचं नाव ठरवण्यातच सकाळ गेली. एकाने तर, “संघटना यशस्वी झाली हे मोजणार कसं?” असंही विचारून घेतलं.

नियम असा होता: अहवाल बदलायला नाही म्हटलं म्हणून एकाचं काम काढून घेतलं, तर ते दुसऱ्याने घ्यायचं नाही.

या नियमामागचं कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. बिनधुराच्या चुली वाटल्या खऱ्या, पण घरोघरी त्यांच्यावर कपड्यांचे गठ्ठे आहेत, असं बायकोने लिहिलं होतं. योजना राबवणारं कार्यालय म्हणालं, जरा सौम्य करा. ही म्हणाली, जमणार नाही. मग तेच काम तिच्या सरांकडे गेलं आणि योजना एकदम यशस्वी झाली. ही वर्षभर घरी बसली. तिला हे काम शिकवलं ते याच सरांनी. ते आता समोर बसून चष्मा पुसत होते.

“पोटावर पाय येईल, ताई,” मागून एक जण म्हणाला. “कार्यालयं आपल्याला दारात उभं करणार नाहीत.”

“एकट्यादुकट्याला नाही करणार. सगळ्यांनाच हाकललं तर अहवाल कोण लिहील?”

मग सर उठले.

“त्या चुली मी बघायलासुद्धा गेलो नव्हतो,” ते म्हणाले. “हिचं खरं आहे हे माहीत असून उलटं लिहिलं. पोरी, घाल तो नियम.” आणि त्यांनी हात वर केला.

तिचे डोळे भरले, आवाज मात्र हलला नाही. “हात मोजते,” ती म्हणाली.

एकेक हात वर गेला. पोटाची काळजी करणाऱ्याचा सगळ्यात शेवटी, पण गेला. उभ्या जन्मात मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मी ट्रे खाली ठेवला.

मोजत मोजत ती दारापर्यंत आली.

“अहो, हात खाली घ्या. तुम्ही सभासद नाही.”

“माहीत आहे,” मी म्हणालो आणि तसाच उभा राहिलो.