धुतलेली किल्ली

आमच्या घरात सोनं बिनकुलपाच्या कपाटात असतं. किल्ली मात्र आईच्या खिशात. पेनड्राइव्हएवढी, काळी. ती कॉम्प्युटरला लावल्याशिवाय भरतकामाच्या मशीनचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. का, तर आईने पूर्ण पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर कुणी चोरू नये. हरवली तर नवी विकत घ्या. म्हणून आई तिला जिवापाड जपायची, एप्रनच्या खिशात. शुक्रवारी सकाळी एप्रनसकट किल्ली धुऊन निघाली. आता ती अगदी स्वच्छ आहे. चालत नाही, एवढंच.

आणि शनिवारी आठला आमची व्हॉलीबॉलची मॅच. बारा जर्सी, बारा नावं, सातवं माझं. आईने सरांना शब्द दिलेला.

कंपनीच्या फोनवरची बाई फार गोड.

"मॅडम, खराब किल्ली कुरियरने पाठवा. ती तुमचीच आहे याची खात्री झाली की दहा दिवसांत नवी."

"अहो, बिल आहे ना माझ्याकडे."

"बिल कुणीही छापतं, मॅडम."

आईने फोन ठेवला. मी म्हणाले, "समोरच्या टोपीवाल्या काकांकडे हेच सॉफ्टवेअर आहे. चोरीचं. किल्लीबिल्ली काही लागत नाही."

"चोराच्या दारात जायचं?"

ही तीच आई, जिने मी दुसरीत असताना मला एक खोडरबर परत करायला भर पावसात मैत्रिणीकडे पिटाळलं होतं.

पाच वाजता आम्ही चोराच्या दारात होतो, जर्सींचं गाठोडं घेऊन.

काका टोप्यांवर नावं भरत होते. आईचा चेहरा बघून त्यांनी फळीवरचा खोका काढला. आत बिल आणि आमच्यासारखीच किल्ली, पाकीट न फोडलेली.

"विकतच घेतलंय, वहिनी. दोन किल्ल्या मेल्या. ही तिसरी येईपर्यंत जावईबापूंनी चोरीचं घालून दिलं. तेव्हापासून कामाला एक दिवस खाडा नाही."

"पैसे तर मीही भरलेत," आई म्हणाली. "मग मलाच चोरासारखं का वाटतंय?"

"सवय होते. धागा कुठला लावू?"

मॅच आम्ही हरलो. पण नावं सुरेख दिसली, कारण चेंडू आणायला सारख्या पाठी वळत होत्या.

दहाव्या दिवशी नवी किल्ली आली, सोबत पत्र: आपण प्रामाणिक ग्राहक असल्याची आमची खात्री झाली आहे.

आईने पत्र दोनदा वाचलं. किल्ली पाकिटासकट फळीवर ठेवली.

"काकांच्या जावईबापूंना वेळ कधी असतो, विचारून ये. आणि खोडरबराचा विषय काढायचा नाही."