चार सड

पिंजऱ्याचं दार पडलं की लगेच वर चादर टाकायची. अंधार झाला की मांजर गप्प बसतं, नाहीतर जाळीवर तोंड आपटून रक्त काढतं. हे मला कुणी शिकवलं नाही, दोन मांजरींची नाकं फुटली तेव्हा कळलं. त्यामुळे चादरीच्या बाबतीत माझा हात भलताच चपळ. इतका, की आवारातली भटकी करडी सापडली त्या सकाळी मी तिचं पोटसुद्धा पाहिलं नाही.

वर्षभर ती मला झुलवत होती. पंपाच्या खोलीमागे भिंतीला एक भोक आहे, तिथे तिची दोन वेतं झाली. तिसरं झालं तर पोत्यात भरून नदीपार सोडू, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर बजावलं होतं. म्हणून नसबंदीच्या ऑपरेशनची घाई.

मी पिंजरा उचलून निघाले तर मोठ्या नणंदबाई दारात.

"माझा भाऊ तापानं फणफणला होता तेव्हा त्याला बसनं नेलंस. आणि हिला टॅक्सी!"

"तुमचा भाऊ बसमध्ये ओरबाडत नाही, ताई."

फाटकाशी वॉचमन भेटला. आवारात त्या दिवशी गवंडी आलेला होताच. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "करडी गेली. भोक रिकामं झालंय, आता बुजवून टाका."

बाराला डॉक्टरीणबाईंचा फोन. "अहो, पोटावरचे केस काढले तेव्हा दिसलं. चार सड ओढलेले आहेत, चारही ओले. दोनेक आठवड्यांची चार पिल्लं असतील कुठेतरी. गुंगी दिलीय, ऑपरेशन उरकते. पण तुम्ही बघितलं कसं नाही?"

जिने कसे उतरले आठवत नाही. गवंडी नळाखाली थापी धूत होता.

"झालं काकू. आधी विटांचे तुकडे सळईनं ठासले, वरून सिमेंटचा माल भरला. आता उंदीरसुद्धा जायचा नाही."

"आवाज नाही आला तुला?"

"पंप चालू होता की."

त्यानं हातोडा उचलला तसा मी त्याचा हातच धरला. ठोकलं असतं तर सगळं आत कोसळलं असतं. माल अजून ओला होता. मी पालथी पडून हातांनी उपसायला लागले. थोड्या वेळानं शेजारी कुणीतरी धप्पकन बसलं. ताई. गुडघे दुखतात म्हणून देवासमोरही खुर्चीवर बसणारी बाई, हातात माझा आमटीचा नवा डाव.

"सरक. तुझं सगळं काम अर्धवट असतं."

पहिलं पिल्लू विटेखाली सापडलं. दुसरं त्याला चिकटून, नाकातोंडात सिमेंट. ताईंनी पदरानं त्याचं तोंड पुसलं, बोटानं छाती चोळली, बराच वेळ चोळली. मग दोघांना बाजूला ठेवून पदराचं टोक फाडून वर झाकलं. माझे हात जळत होते. सिमेंट कातडी खातं, हेही त्या दिवशी कळलं.

तिसरं तिरक्या विटेच्या आडोशाला होतं. जिवंत. ओरडण्याइतकं त्राण नव्हतं, नुसतं तोंड उघडत होतं.

पाचला वॉचमन करडीला घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी तिला रात्रभर दवाखान्यातच ठेवायला सांगितलं होतं, पण वाटीनं दूध पिण्याएवढं ते पिल्लू मोठं नव्हतं. मी पिंजरा उघडला. ती लटपटत बाहेर आली, पोट भादरलेलं, टाके दिसत होते. आम्ही पाठ फिरवली, कारण बघत राहिलं तर ती पिल्लाजवळ येत नाही. वळलो तेव्हा पिल्लू तिच्या तोंडात होतं. तशीच कुंपणापलीकडे गेली.

"सुटलो," ताई म्हणाल्या.

पण करडी परत आली. पदराखालच्या दोघांना हुंगलं आणि चार हात लांब बसून भोकाकडे बघत राहिली.

"डॉक्टरीण चुकली असेल," ताई हळूच म्हणाल्या. "एकाच पिल्लानं दोन सड ओढले असतील. असं होतं ना गं?"

"होतं," मी म्हटलं.

गवंडी घुटमळत होता. "काकू, माल आवळत चाललाय. राहिलेलं बुजवू का?"

मी पुन्हा पालथी झाले आणि हात खांद्यापर्यंत आत घातला.