मात्सुमोतोचा काळा किल्ला

आकाराम सरांनी काठीचं टोक किल्ल्याच्या दुसऱ्या मजल्यात खुपसलं आणि ओली माती भसकन खाली आली.

"हे काय हाय?"

"जपानचा किल्ला, सर. मात्सुमोतो," स्नेहल म्हणाली. कॉलेजच्या वाचनालयातलं चित्र बघून तिनं तो आठवडाभर खपून दारात उभा केला होता. पाच मजली, उतरत्या छपरांचा, चुलीच्या काजळीनं काळा केलेला.

सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक आणि तालमीच्या किल्ला स्पर्धेचे कायमचे परीक्षक. दर दिवाळीला ते गल्लोगल्ली हिंडून पोरांच्या बुरुजांना नावं ठेवत. लोक त्यांना मान देत, कारण त्यांच्याशी वाद घालत बसायला कुणाला सवड नसे.

"ह्याला खुराडं म्हणत्यात. लाकडाचा कुठं किल्ला असतोय व्हय?"

"चारशे वर्षं उभा हाय, सर. मधी लिलावात गेलता. घेणारा लाकडासाठी पाडणार होता. गावातल्या लोकांनी त्यातच प्रदर्शनं भरवली, पैसे उभे केले आणि सोडवून घेतला."

सर खदाखदा हसले. असं हसणं त्यांना विद्वत्तेचं लक्षण वाटे.

"किल्ल्याचा लिलाव! आपल्यात गडाचा खडा तरी कुणी हलवंल काय? दुपारपातूर हे मोडायचं. न्हायतर ह्या गल्लीतला एकबी किल्ला मी स्पर्धेत धरणार न्हाय."

गल्लीतली बारकी पोरं आपापल्या किल्ल्यांजवळून तिच्याकडं बघत होती.  स्नेहलनं भरल्या डोळ्यांनी खुरपं उचललं.

तेवढ्यात तिची आई, चिमणाबाई, आतून चहा घेऊन आली. यातलं काहीच तिच्या कानावर गेलं नव्हतं.

"बरं झालं भेटलासा, सर. वास्तुशांतीला आलतो तवा तुमच्या बंगल्याचं जोतं बघितलं. काय देखणा घडीव दगड! गवंडी म्हणत हुता, तुमच्या गावच्या गडावरनं ट्रकनं आणलासा. आमच्या पायरीपुरता गावंल काय?"

तिच्या चेहऱ्यावर निव्वळ कौतुक होतं. सरांनी कपाकडं हात केला होता, तो तसाच राहिला.

स्नेहलनं डोळे पुसले आणि खुरपं त्यांच्यापुढं धरलं.

"तुमीच पाडा, सर. तुमास्नी जमतंय."

"ऱ्हाऊ दे," सर पुटपुटले आणि वळले.

"अवो, चहा तरी घ्या की!" चिमणाबाई म्हणाली.

शेजारच्या दारातला पन्हाळा त्यांनी न बघताच पास केला.