पेटीतल्या पाण्याचं आवताण

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. थांबा, लगेच माझं बटण शोधू नका. आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी माझा जन्मभर घोळ झाला आहे. ती हातात मावणारी, उशाशी झोपणारी बॅटरी मी नव्हे. मी काळ्या कडक रबराची, सहा व्होल्टची, उचलताना माणसाची कंबर आठवून देणारी. पोटात तीन खण, खणांत शिशाच्या पट्ट्या आणि वर तेजाबाचं पाणी. पोटातच आंबट, म्हणून बोलणंही जरा आंबट आहे. ते मनावर घेऊ नका. अलिबागजवळच्या थळच्या कोळीवाड्यात मला बॅटरी कोणी म्हणालंच नाही. तिथे मी ‘पेटी’.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यात झाला. पहिली दोन वर्षं एका टॅक्सीच्या पोटात गेली. तिथे काम एकच, सकाळी गाडीला धक्का देऊन जागं करायचं. मग टॅक्सीवाल्याने नवी बॅटरी आणली आणि मी फिरत फिरत अलिबागला दत्तात्रेय मिस्त्रींच्या दुकानात येऊन पडले. मिस्त्री बॅटऱ्या चार्ज करून देत. फळीवर बसून मी रस्ता बघत असे आणि आपलं आयुष्य संपलं असं समजत असे. बायकांना आणि बॅटऱ्यांना ही सवय असते.

छप्पन साली एक दिवस धर्माजी तांडेल दुकानात आला. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. त्याला मुंबईहून कोणाचा तरी जुना रेडिओ मिळाला होता, आणि तो त्याला आपल्या ‘गोदूबाय’ होडीवर वाजवायचा होता. मिस्त्रींनी त्याच्यापुढे तिघींना मांडलं. एक नवीकोरी कोरडी बॅटरी, पुठ्ठ्याच्या वेष्टनात, हलकी आणि नटलेली. एक लॉरीची थोरली. आणि मी.

धर्माजीने काय करावं? त्याने आम्हाला एकेक करून उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. नारळ पारखतात तसं.

“तांडेल, नारळ नाही तो,” मिस्त्री घाईघाईने म्हणाले. “आत तेजाब आहे. कपडे जातील.”

“नारल काय आन पेटी काय,” धर्माजी म्हणाला, “पोटात पानी आसंल तं बोलंल.”

कोरडी बोलली नाही. “ही मुकी हाय,” म्हणून त्याने ती ठेवून दिली. थोरली बारा व्होल्टची निघाली, तिने रेडिओ जाळला असता. माझ्या पोटातलं पाणी मात्र त्याच्या कानाशी डुचमळलं. “ही बोलते,” तो म्हणाला, आणि मी त्याची झाले. माझ्या बुचातून उडालेल्या एका थेंबाने त्याच्या सदऱ्याला भोक पडलं. ते भोक तो पुढे लोकांना कौतुकाने दाखवत असे.

‘गोदूबाय’वर मागच्या बाजूला, फळ्यांच्या आडोशाला माझी जागा होती. वर रेडिओ, खाली मी. संध्याकाळी जाळी पाण्यात सोडली की होडी शांत व्हायची. समोर खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचा दिवा फिरू लागायचा. धर्माजी रेडिओची खुंटी पिरगाळायचा, आधी खरखर यायची आणि मग मुंबईहून एखादं गाणं पाण्यावरून चालत यायचं. लाटा हळू व्हायच्या की मलाच तसं वाटायचं, कोण जाणे. माझ्या आत गाणं नाही, नुसतं आंबट पाणी आहे. ते तारेतून गेलं की पलीकडे गाणं कसं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी अर्धवट झोपेत असल्यासारखी वाहत राहायची. मित्रांनो, इतकं सुख टॅक्सीत नव्हतं.

दर बारा-तेरा दिवसांनी मी दमायची. मग धर्माजीची बायको सोनाबाई मला अलिबागला न्यायची. ती बाजारात म्हावरं विकायला जायचीच. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि पाटीत मी, जाताना म्हावऱ्याच्या कडेला, परतताना एकटीच. वाटेत ती गायची. सोनाबाई धवलारीण होती. आपल्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजीइतकाच मान धवलारणीचा. ती धवला गाते, देवांना, विहिरीला, जात्याला, उंबरठ्याला नाव घेऊन लग्नाचं आवताण देते, आणि मगच मांडवात काही हलतं. रेवसपासून नागावपर्यंत तिला बोलावणी यायची.

पण एक गंमत बघा. तिच्या डोक्यावर बसून तिचे सगळे धवले मी ऐकले, आणि तिच्या नवऱ्याने एकही धड ऐकला नव्हता. लग्नं असायची तेव्हा तो दर्यावर, आणि तो घरी असायचा तेव्हा ती कोणाच्या तरी मांडवात. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. सोनाबाई ते कधी बोलून दाखवत नसे. मला मात्र ते कळायचं, कारण एकटी चालताना ती धवल्यातल्या नवऱ्या मुलाच्या जागी त्याचं नाव घालून गायची.

मग पंचवार्षिक योजनेसारखी मोठी गोष्ट घडली. एका लग्नात कोणी रेडिओवाले गृहस्थ आले होते. त्यांनी तिचं गाणं ऐकलं आणि पत्र आलं. नारळी पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी, दिवेलागणीला, मुंबई केंद्रावर सोनाबाईने धवला गायचा. थेट. एकदाच.

“तुमी याल ना मंग मुंबईला?” तिने विचारलं.

धर्माजीने दर्याकडे पाहिलं. पौर्णिमेला नारळ सोडला की दर्या उघडतो. तांडेल घरी राहिला तर होडी किनाऱ्यावर, आणि होडीवरच्या सहा जणांच्या चुली थंड.

“मी होरीवर ऐकीन,” तो म्हणाला. “पेटी हाय ना. आख्खा ऐकीन गो, या वखताला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, तसं माझ्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं. मला माझं वजन पहिल्यांदा जाणवलं.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ती मला चार्ज करून घेऊन आली. निघताना मिस्त्री म्हणाले होते, “सोनाबाई, आता पाणी तुम्हीच बघत जा. हिला मधूनमधून पाणी पाजा. मात्र अगदी शुद्ध पाजा, विहिरीचं नको.”

पाजा. हा शब्द त्यांनी वापरला, आणि तिथेच माशी शिंकली.

पौर्णिमेच्या सकाळी होडीची पूजा झाली. सुकाणूला हळदकुंकू लागलं, जाळ्याला लागलं, मलाही लागलं. सोनाबाई माझ्यासमोर नारळ घेऊन बसली. विहिरीचं पाणी नको, पावसाचं छपरावरून येतं, मग शुद्ध पाणी कोणतं? ज्याला कोणाचा हात लागला नाही ते. तिने नारळ फोडला, माझं कडेचं बूच काढलं आणि मोठ्या मायेने मला नारळाचं पाणी पाजलं. एक खण भरला तेवढ्यात पाणी संपलं, म्हणून बाकीचे दोन वाचले. मला ओरडून सांगायचं होतं, बाई, हे माझं पाणी नव्हे. पण मी बॅटरी. इतक्या मायेने पाजलेलं विष कोणाला थुंकता येतं?

बुधवारी ती रेवसहून लाँचने मुंबईला गेली. त्याच दिवशी होडी दर्यावर निघाली. माझा कडेचा खण आतून कुरतडत चालला होता. गुरुवारी सांजेला धर्माजीने तोंड धुतलं, डोक्याला लाल टोपी नीट बसवली, जसा काही मांडवातच जाणार होता, आणि खुंटी पिरगाळली.

काही नाही. खरखरसुद्धा नाही.

हिरामण होडीवरच होता. सोनाबाईचा धाकटा भाऊ, मुंबईला गोदीत राहून तारांचं थोडं शिकलेला. त्याने माझी बुचं काढली, एकेका खणाला नाक लावलं. कडेच्या खणापाशी तो थबकला.

“भावजी, पेटीला नारलाचा वास येतो.”

धर्माजीने वास घेतला. त्याला सगळं कळलं. मला वाटलं, आता ही बाई शिव्या खाणार. तो खाली बसला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, “येडी रे तुजी बहिन. दर्याला नारल, तसा पेटीला बी.” आणि मग फार हळू, “वीस वर्सं झाली, हिरामण. आज बी न्हाय.”

खांदेरीचा दिवा लागला. वेळ भरत आली होती. हिरामणने कमरेची टॉर्च काढली. तीच ती, माझं नाव चोरून मिरवणारी. तिच्या पोटातून त्याने तीन सेल बाहेर ओतले.

“कडेचा खन मेला. तो सोडून तार घेऊ. दोन खनांचे चार व्होल्ट. यांचा शेजारी बांधून दीड. रेडिओ बोलला तं बोलला.”

त्याने तिन्ही सेल शेजारी शेजारी धरून सुतळीने करकचून बांधले आणि माझ्या दुसऱ्या खणाच्या पट्टीला जोडले. मित्रांनो, ज्यांना मी जन्मभर नाक मुरडलं, ती टीचभर पोरं माझ्या अंगाला बिलगली आणि म्हणाली, मावशी, चल. मी होतं नव्हतं ते सगळं लावलं.

आधी खरखर आली. मग सोनाबाई आली.

आवाज बारीक होता, खोल विहिरीतून यावा तसा. होडीवरची सहाही माणसं हात आवरून बसली. वारा पडला होता. पाण्यावर पिवळा उजेड पसरला होता, आणि तिचा आवाज त्या उजेडातून चालत आमच्याकडे येत होता.

*पयलं आवताण दर्याला गो, दर्याच्या देवाला,*
*दुसरं आवताण होरीला गो, होरीच्या सुकानूला…*

एकेकाला ती बोलावत होती. जाळ्याला, नांगराला, खांदेरीच्या दिव्याला. धर्माजीने डोळे मिटले होते. आणि मग अशी ओळ आली, जी मी तिच्या डोक्यावरच्या इतक्या वर्षांत कधीच ऐकली नव्हती.

*चुकलं आवताण कुनाला गो, पेटीच्या पान्याला,*
*नारल म्या पाजिला गो, माफी मागते धन्याला.*

सेल गरम झाले. आवाज बारीक होत गेला. धवल्याची शेवटची ओळ संपली आणि तिच्या मागोमाग आम्हीही संपलो. धर्माजी रडत होता, आणि ते त्याने लपवलं नाही.

शुक्रवारी दुपारी सोनाबाई घरी आली. ती घरात न जाता होडीपाशी वाळूत येऊन बसली.

“मी तितल्या सायबाला इचारलं,” ती खाली बघत म्हणाली, “पेटी नारलाचं पानी पिते का म्हनून. तो हसला. म्हनला, पेटी मेली आसंल. मंग मी तशीच गायले. म्हनलं, तुमी मुक्या डब्यासमोर बसलं आसाल. माज्याच हातानं झालं.”

धर्माजी जाळं विणत होता. त्याने हातातली सुई खाली ठेवली.

“आवताण पोचलं गो,” तो म्हणाला. “पेटीचं पानी लग्नाला हजर व्हतं. आनि धनी बी.”

त्यानंतर मी काही वाजले नाही. पुढे हलका ट्रान्झिस्टर आला, पेन्सिलीएवढ्या सेलांवर चालणारा. आता मी ओसरीवर दार अडवायच्या कामाला आहे. मला त्याचं दुःख नाही, थोडंच आहे. दर नारळी पौर्णिमेला सोनाबाई मला हळदकुंकू लावते, नारळ फोडते आणि पाणी वाळूत ओतते. “हे तुला न्हाय गो, दर्याला,” असं सांगते. संध्याकाळी ती ओसरीवर बसून गाते, आणि धर्माजी शेजारी बसून ऐकतो. त्या वेळी ट्रान्झिस्टर बंद असतो.

तर मित्रांनो, बॅटरीला शुद्ध पाणीच घाला, बुचं घट्ट लावा, आणि कोणालाही काही पाजण्याआधी त्याला काय चालतं ते विचारा. माया करताना तर आधी विचारा. आणि तुमच्या घरात कोणी गात असेल, तर ते गाणं रेडिओवर यायची वाट बघू नका. शेजारी बसा आणि ऐका. त्याला कुठलीच बॅटरी लागत नाही.