खांडीची साक्ष

पंढरीने चहाचा कप तलाठ्यापुढे सरकवला आणि हिरामणला पुढे ओढलं.

"सायेब, हा माजा पोरगा. बीए हाय, इतिहासात. गावात पयलाच."

एरवी या कौतुकाने हिरामण लाजला असता. आज ते टोचलं. नेरूळची खाडीकडची शेतं नव्या शहरासाठी सरकारजमा होणार होती आणि बांधालगतच्या तुकड्याचा मोबदला कुणाला मिळायचा, ते आज चावडीवर ठरत होतं. कागदावर नाव पंढरीचं होतं. नवरा गेल्यापासून जमीन कसत आली होती ती शेजारची सगुणाकाकी.

"आमचे खांडीत गेले तवा तुज्या बापानं दिला तो तुकडा," काकी म्हणाली. "तू होतास की तिथं, पंढरी."

"पन वयनी, पुरावा काय?" पंढरी मऊ आवाजात म्हणाला. "पुराव्याबिगर इतिहास नाय. इचार आमच्या हिरामनला."

उधाणाने बांध फुटून खांड पडली, की ती बुजवायला घरटी एक माणूस धावायचा, ही गावाची रीत. काकीच्या नवऱ्याच्या त्या रात्री आजोबा तापाने फणफणले होते आणि बाप अजून पोरवयाचा होता. त्यांच्या घराचा माणूस म्हणून काकीचा नवरा पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. म्हणून आजोबांनी तो तुकडा काकीला दिला. ही हकिगत हिरामणला सांगितली होती ती बापानेच, बांधावरून चालताना, दर वेळी डोळे पुसत. तेव्हा त्या खाऱ्या तुकड्याकडे कुत्रंही बघत नव्हतं. आता तेच तोंड पुरावा मागत होतं, आणि तेही पोराच्या पदवीआड लपून! बापाची एवढी चीड त्याला जन्मात आली नव्हती.

"बोल ना रं," पंढरी म्हणाला.

"कागद नसला तर माणसाला विचारायचं, असं शिकलोय मी," हिरामण तलाठ्याकडे बघत म्हणाला. "आणि सांगून ज्याचा काही फायदा नव्हता, त्याचं आधी खरं धरायचं."

"असा साक्षीदार आहे कुणी?" तलाठ्याने पेनाचं टोपण काढलं.

"आहे," हिरामण म्हणाला.

पोरगा आपल्याच बाजूचं नाव घेणार, या खुशीत पंढरीने मान डोलावली. काकी खाली बघू लागली.

"नाव?"

"पंढरी देवजी म्हात्रे."

हिरामण बापाकडे वळला.

"बा, मला सांगायचास तसंच सांग यांना."